आगमनाची चुंबळ

डिसेंबरात माजरीवर दोन धुकी उतरतात. एक वर्धा नदीच्या अंगाने येते. ते पांढरे, थंड, ओलसर असते आणि सूर्य वर सरकू लागला की विरून जाते. दुसरे कोळशाचे. मालट्रकांची रांग रस्त्याला लागली की ते उठते आणि दिवसभर झाडांच्या पानांवर मुक्काम करते. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील हे आमचे गाव नकाशावर शोधायचे झाल्यास वाचकांनी वर्धा-बल्लारशा लोहमार्गावर बोट ठेवावे. जेथून वणीकडे जाणारा फाटा फुटतो, ते माजरी जंक्शन. धर्मग्राम लहान आहे. कुणाचे वडील तेलंगणातून, कुणाचे छत्तीसगडातून, कुणाचे केरळातून खाणीच्या कामावर आले आणि इथलेच झाले. मिस्सेनंतर अंगणात चार-पाच भाषा ऐकू येतात. भांडण मात्र सगळे मराठीतून करतात. तेव्हा ह्या गावाची खरी भाषा कोणती, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही.

आमचा धर्मप्रांत चांद्याचा. १९६२ साली केरळाबाहेर सिरो-मलबार परंपरेच्या हाती मिशनकार्यासाठी जो पहिला प्रदेश सोपविण्यात आला, तो हाच. म्हणून नाताळाआधीच्या ज्या चार आठवड्यांना वसई-मुंबईकडील आपले बंधुभगिनी आगमनकाळ म्हणतात, त्यांना आमच्या उपासनेत ‘सुबारा’ असे सिरियाक नाव आहे. सुबारा म्हणजे शुभवार्ता. जुन्या वळणाची कुटुंबे १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचे व्रत अजूनही पाळतात. ताटातून मांसमच्छी जाते, काही घरांतून चहातले दूधही जाते. पूर्वेकडील ह्या परंपरेत मेणबत्त्यांचे हिरवे चक्र मुळात नव्हते. ते आम्ही शेजाऱ्याकडून घेतले आणि शेजाऱ्यानेही ते दुसऱ्या शेजाऱ्याकडूनच घेतले होते.

हा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या कडेला योहान हिन्रिख विखर्न नावाच्या प्रॉटेस्टंट धर्मसेवकाने १८३३ साली निराधार मुलांसाठी एक आश्रम उघडला. नाताळ किती दिवसांवर आला, असे मुले त्यांना रोज विचारून भंडावून सोडीत, असे सांगतात. १८३९ साली विखर्न ह्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या आणि प्रतीक्षेला मोजमाप दिले. रविवारी मोठी पेटायची, इतर दिवशी लहान. हिरव्या डहाळ्या त्या चाकावर पुढे काही वर्षांनी आल्या. कॅथलिक मंदिरात हे चक्र प्रथम टांगले गेले ते १९२५ साली, कोलोन शहरात. म्हणजे ज्याला आपण आपली परंपरा म्हणतो ती शंभरएक वर्षांची, दुरावलेल्या भावाच्या अंगणातून आलेली आणि अनाथ मुलांच्या उतावीळपणातून जन्मलेली आहे. तिची सुरुवात टाकाऊ चाकापासून झाली, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

माजरीस आम्ही आलो तेव्हा धर्मग्रामाच्या कपाटात एक चक्र होते. नागपूरच्या बाजारातून आणलेले, प्लास्टिकचे, टोकदार पानांचे, वर पांढऱ्या रंगाचे बर्फ शिंपडलेले. कित्येक वर्षे आम्ही तेच वेदीजवळ मांडीत होतो. कोळशाची धूळ त्याच्या सुयांत अशी बसली होती, की धुतले तरी पाणीच काळे व्हायचे, पाने हिरवी होत नसत. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका चिमुरडीने विचारले, “फादर, हे कोणत्या झाडाचं हाय?” आम्ही म्हणालो, “ते झाड थंड देशांत होते, आपल्याकडे नाही.” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मंग आपल्याकडे जे हाय त्याचं कायले नाई केलं?”

सेमिनरीत आम्ही संस्कृतीकरणावर पुष्कळ वाचले होते, परीक्षेत उत्तरेही लिहिली होती. त्यांतल्या एकाही उत्तरात हा प्रश्न इतका सरळ मांडलेला आम्हांला आठवेना.

२०२४ सालच्या नोव्हेंबरातील शेवटच्या रविवारी मिस्सेनंतर मुले जमली आणि काम सुरू झाले. चाक पाहिजे होते. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाने गंजलेली रिम दिली; आऱ्या काढून टाकल्या, गंज विटकरीने घासला. भद्रावतीच्या बाजारात बसणाऱ्या एका बुरुडाकडून बांबूच्या ओल्या कामट्या विकत आणल्या. मुलांना आम्ही एकच नियम घातला होता, की जंगलातून तोडून काही आणायचे नाही. विकत घ्यायचे, मागून घ्यायचे, नाहीतर खाली पडलेले उचलायचे. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, ही हकीकत आम्ही मुलांना सांगितली. ज्या मुलखात बांबूच्या काठीसाठी माणसांना एवढा धीर धरावा लागला, तेथे देवाच्या नावानेसुद्धा फुकटची काठी आणू नये.

कामट्या रिमभोवती गुंडाळल्या. ओल्या असतात तोवर त्या वळतात, वाळल्या की मोडतात. म्हणून काम संध्याकाळच्या आत संपवावे लागले. आता हिरवळ. युरोपात हिवाळ्यात सगळी झाडे उघडी पडतात, तेव्हा जे हिरवे राहते ते झाड शाश्वत जीवनाचे चिन्ह ठरले. आमच्याकडे डिसेंबरात हिरवे काय असते? साग तेव्हा थकू लागलेला असतो, पळसाला अजून फुलायचे असते. आंबा हिरवा असतो, परंतु त्याची तोडलेली पाने लवकर गुंडाळतात. मुलांनी शोध करून जांभूळ निवडला. त्याचे पान जाड, चकचकीत, तोडल्यावरही तीन-चार दिवस टिकणारे. आणि मग एका मुलाच्या लक्षात आले, की आगमनकाळाच्या मेणबत्तीचा रंगही जांभळा! ज्या झाडाने मराठीत त्या रंगाला नाव दिले, त्याचीच पाने आम्ही नकळत आणली होती. एका भाविकाने आपल्या परसातील झाडाची छाटणी करून डहाळ्या दिल्या. मुलांनी त्या बादलीत बुडवून धुतल्या. पाणी काळे झाले. पण ह्या वेळी पाने हिरवी निघाली.

धुताना आम्ही त्यांना सांगितले, की हे काळे पाणीही एके काळी हिरवेच होते. वर्धा खोऱ्यातील कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी अरण्ये. माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी ती चिखलाखाली गेली आणि काळी होऊन वाट पाहत राहिली. मुलांनी बादलीकडे जरा आदराने पाहिले.

मेणबत्त्याही घरीच केल्या. वेदीवरील मेणबत्त्यांची बुंधे वर्षभर साठविली होती. ती डब्यात घालून, तो डबा उकळत्या पाण्यात ठेवून वितळविली. मेण थेट विस्तवावर ठेवू नये. बांबूची पेरे उभी चिरून दोऱ्याने बांधली, आत तेलाचा हात फिरविला, मधोमध सुती वात ताणून धरली आणि मेण ओतले. गार झाल्यावर दोरा सोडला की पेर उघडते. पहिल्या खेपेस मुलांनी जांभळे मेणखडू सगळ्या मेणात वितळविले. ती मेणबत्ती तडतडली आणि विझली, कारण रंगाने वात गुदमरते. मग पांढरी मेणबत्ती करून तिला बाहेरून तेवढा रंगीत मेणाचा पातळ लेप दिला. तीन जांभळ्या झाल्या आणि तिसऱ्या रविवारच्या आनंदासाठी एक गुलाबी. भद्रावतीला ग्रामोदय संघामुळे मातीकामाची मोठी ओळख आहे. तेथील बाजारातून मातीच्या चार वाट्या आणल्या, त्यांत वाळू भरून मेणबत्त्या रोवल्या, म्हणजे ज्योत पानांपर्यंत पोचू नये. कुणीतरी गुंजा आणल्या होत्या. लाल-काळ्या गुंजा फार शोभत होत्या, पण त्या विषारी असतात आणि वर्गात लहान मुले होती. म्हणून त्या परत केल्या.

चक्र चांगले झाले, म्हणून मुलांचा उत्साह वाढला. उरलेल्या कामट्यांचे आणि पानांचे त्यांनी आणखी एक चक्र केले, मेणबत्त्यांविना, मंदिराच्या दारावर लावण्यासाठी. ते फार भरगच्च दिसावे म्हणून कडेने पांढरी शेवंती ओवली. शनिवारी संध्याकाळी आम्ही स्वतः स्टुलावर चढून ते दारावर अडकविले आणि समाधानाने झोपलो.

१ डिसेंबर २०२४. रविवार. १८३९ मध्येही १ डिसेंबरला रविवारच होता, हे आम्ही पंचांगासारखे मोजून काढले होते आणि प्रवचनात मोठ्या हौसेने सांगितले. वर्तुळाला आरंभ नाही, अंत नाही. ते देवाच्या प्रेमाचे चिन्ह होय. हिरवा रंग आशेचा. सगळे नीट झाले. पहिली मेणबत्ती पेटली, मुलांचे चेहरे उजळले.

मिस्सेनंतर घंटा वाजविणारा मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “फादर, कोपऱ्यातल्या आजी दारापर्यंत आल्या होत्या. वर पाहिलं आन् माघारी गेल्या.”

त्या बाईंचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. साठीच्या आसपासच्या. पती बरेच आधी वारले. रविवारी मागच्या खांबाजवळ त्या बसल्या नाहीत असे क्वचितच घडले असेल. २०१९ साली त्यांचा एकुलता मुलगा मोटारसायकलवरून येताना रस्त्यावर गेला, वय चोवीस. दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी व्रताचा काळा चहा पुढे ठेवला, समोर बसल्या आणि विचारले,

“कोन गेलं, फादर?”

आम्हांला प्रश्न कळला नाही. “कोणी गेले नाही, ताई.”

“मंग दारावर ते कायले लावलं?”

तेव्हा कोठे डोक्यात प्रकाश पडला. आम्ही त्यांना समजावू लागलो. हिरवा रंग आशेचा, वर्तुळाला अंत नाही, वगैरे. सकाळचे प्रवचन त्यांनी ऐकले नव्हते, म्हणून आम्ही ते पुन्हा ऐकविले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग हळूच म्हणाल्या, “माह्या पोरावर बी असंच गोल ठेवलं होतं. त्याच्या दोस्तांनी आनलं. पांढरी शेवंती होती. तवा बी तुमीच म्हनलं होतं, गोल म्हंजे ज्याले शेवट नाई. मले तं शेवटच दिसत होता, फादर.”

त्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हांला उत्तर देता आले असते.

परतताना आम्ही विचार करीत होतो. मराठीत ह्या वस्तूला शब्द कोणता? पुष्पचक्र. आणि पुष्पचक्र आपण कोठे पाहतो? हुतात्म्यांच्या स्मारकावर, पुढाऱ्याच्या पार्थिवावर, सहकाऱ्याच्या तिरडीवर. खाणीच्या गावात तर विशेषच. येथे गोल हिरवे चक्र दाराशी दिसले की बायका पदर सावरतात आणि घरात कोण गेले ते विचारतात. शब्द आणि आकार दोन्ही आमच्या लोकांनी आधीच एका अर्थाला देऊन टाकले होते. आम्ही प्लास्टिकचे झाड सोडून जांभूळ आणला, गाडीचे चाक सोडून सायकलची रिम आणली आणि समजलो, की चिन्ह आता ह्या मातीचे झाले. सामान मातीचे होते. अर्थ मात्र आम्ही पुस्तकातून जसाच्या तसा उचलला होता. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की पाच वर्षांपूर्वी थडग्याजवळ उच्चारलेले वाक्य आम्ही वेदीवरून पुन्हा उच्चारले आणि ते आम्हांला आठवलेसुद्धा नाही. तिला मात्र शब्दशः पाठ होते.

त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून आम्ही दारावरचे चक्र काढले. मुलांना कारण सांगितले. ती गप्प झाली. एक मुलगा म्हणाला, “आतलं बी काढायचं का?” आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. ते आम्ही तसेच ठेवले.

आतले चक्र आपल्या परीने आमची परीक्षा घेऊ लागले. विदर्भाचा हिवाळा कोरडा. गुरुवारपर्यंत जांभळाची पाने कडेने करपली, शनिवारी ती चुरचुर वाजू लागली. वाळलेली पाने आणि पेटती मेणबत्ती, हा जिवाशी खेळ. म्हणून ठरले, की दर आठवड्याला पाळीपाळीने एका वस्तीने ताजी पाने आणायची, धुवायची आणि चक्र नव्याने बांधायचे. प्लास्टिकच्या चक्राला हा त्रास नव्हता. ते कपाटातून येई आणि कपाटात जाई. आम्ही इतकी वर्षे ‘सदाहरित’ हा शब्द वापरीत होतो, पण हिरवे राहणे हे झाडाचे काम असते, तोडलेल्या डहाळीचे नव्हे. तोडलेल्याला हिरवे ठेवायचे तर माणसांनाच पुन्हा पुन्हा हात लावावे लागतात. शोकात पडलेल्या घराचेही तसेच असते. आपण पहिल्या दिवशी चक्र घेऊन जातो. दुसऱ्या आठवड्यात पाने बदलायला कितीजण जातो? आमच्यापुरते सांगायचे तर त्या घरी आम्ही वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर फारसे गेलो नव्हतो.

दुसऱ्या आठवड्यातील बुधवारी दुपारी मुले चक्र उतरवून, पाने काढून मंदिराच्या ओट्यावर बसली होती. उघडी रिम आणि त्यावरच्या कामट्या तेवढ्या दिसत होत्या. तोच त्या बाई आल्या. दर्शनासाठी आल्या असतील, की आम्ही त्या आठवड्यात दोनदा त्यांच्या घरी जाऊन नुसते बसून आलो म्हणून आल्या असतील, कोण जाणे. त्या उभ्या राहून पाहत राहिल्या. मुलांनी वाट्या मांडून पाहिल्या. रिम एका बाजूला वाकडी होती, चक्र डुगडुगत होते, मेणबत्त्या कलत होत्या.

“हे गोल तुमी नुसतंच ठेवता?” त्यांनी विचारले. “खाली चुंबळ नाई?”

आम्ही त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

वाचकहो, शहरातल्या आपल्या मुलांना चुंबळ दाखवायला आता वस्तुसंग्रहालयात न्यावे लागेल. पण गावाकडच्या प्रत्येक आजीच्या मानेला ती ठाऊक आहे. डोक्यावर घागर घ्यायची तर आधी चुंबळ हवी. फडके पिळून त्याचे कडे करायचे, ते डोक्यावर ठेवायचे आणि त्यावर भार तोलायचा. घरातही गोल बुडाचे मडके चुंबळीवर ठेवले की ते कलंडत नाही. बाईंनी एका मुलाला पिटाळून शेजारच्या गोठ्यातून धानाचे तणस मागविले. त्यावर पाणी शिंपडले, कारण कोरडे तणस पिळताना तुटते. मूठभर तणसाला पीळ देत देत, टोकाला पुढची मूठ जोडीत त्यांनी हाताएवढा जाड दोर वळला, रिमच्या मापाने त्याचे कडे केले आणि दोन्ही टोके एकमेकांत अशी खुपसली, की सांधा दिसेना. मग म्हणाल्या, “उद्या लुगडं आनतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वांगी रंगाचे जुने सुती लुगडे आणले. त्याच्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडून कड्यावर एकसारख्या गुंडाळल्या. कुणा मुलीच्या फाटक्या झग्याची गुलाबी पट्टी एका जागी बसविली. रिम त्या चुंबळीवर ठेवली, डुगडुगणे थांबले. मेणबत्त्या ताठ उभ्या राहिल्या. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही म्हणालो, “ताई, तुम्हांला ह्या गोलाची भीती नाही ना वाटत आता?”

त्यांनी हात झटकले आणि सहज म्हणाल्या, “ते वरचं तुमचं. ही चुंबळ हाय. चुंबळ कोनी उगाच करत नाई, फादर. कोनाले तरी डोईवर भार घ्यायचा असते, तवा ती लागते.”

आम्ही चार वर्षे ईशज्ञान शिकलो. आगमनकाळाविषयी ह्याहून अधिक काही आम्हांला सांगता येईल असे वाटत नाही. चक्राला अंत नाही, हे आम्ही लोकांना सांगत होतो आणि ते खरेही आहे; परंतु ज्या आईने अंत पाहिला तिला ते पोचत नाही. चुंबळ अंताविषयी बोलतच नाही. ती एवढेच म्हणते, की भार आहे आणि तो पेलायचा आहे. तिच्या मधोमध पोकळी असते. त्या पोकळीमुळेच वरचे भांडे बसते. पवित्र मरियेने होकार दिला तेव्हा तिच्या पुढ्यात मखर नव्हते. नऊ महिन्यांचा भार होता, नाझरेथपासून बेथलेहेमपर्यंतची वाट होती आणि पुढे एका आईला पाहावे लागू नये तेही पाहणे होते. तिला आपण कृपापूर्ण म्हणतो, ते तिचा भार हलका होता म्हणून नव्हे.

तिसऱ्या रविवारी, १५ डिसेंबरला, बाई आपल्या खांबाजवळ येऊन बसल्या. संत पौलाने तुरुंगात असताना फिलिप्पैच्या मंडळीला आनंद करा असे लिहिले, त्याची आठवण देणारा लॅटिन परंपरेतील हा गुलाबी रविवार. मेणबत्त्यांबरोबर तोही आम्ही उसना घेतला आहे. गुलाबी मेणबत्ती त्यांनी पेटवावी असे आमच्या मनात होते. आम्ही खूण केली. त्यांनी मान हलवून नाही म्हटले. पहिल्या वर्गातील मुलीने ती पेटविली. आम्ही आग्रह केला नाही. वर्षभरापूर्वी कदाचित केला असता.

नाताळच्या रात्री चक्र काढले, पाने बाजूला केली आणि गव्हाणीत नुसती चुंबळ ठेवून तिच्या पोकळीवर बाळयेशूची मूर्ती ठेवली. ती अशी बसली, जणू त्याच मापाने चुंबळ वळली होती. दर्शनाच्या रांगेत बाई आल्या. मूर्तीला हात लावायच्या आधी त्यांनी चुंबळ किंचित फिरविली, सांधा मागच्या बाजूला नेला आणि मग नमस्कार केला. एवढेच घडले. त्यांचे दुःख सरले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनीही तसे कधी म्हटलेले नाही.

आपल्या घरी असे काही करावे असे ज्या कुटुंबांना वाटेल त्यांनी दुकानाकडे धावू नये. घरातल्या जुन्या सुती साडीपासून आरंभ करावा. जिची साडी तिची आठवण मुलांना सांगावी. तणस मिळाले नाही तर गवत, नारळाच्या झावळीची पाती, जुने पोते, काहीही चालेल. पाने आपल्या अंगणातील घ्यावीत; वसईत आंबा असेल, कोकणात फणस, पठारावर कडुनिंब. मेणबत्त्या मातीच्या वाटीत, वाळूत रोवाव्यात, प्रार्थनेपुरत्याच पेटवाव्यात आणि पाने वाळली की बदलावीत. चार रविवार चार घरांनी बदलली तर अधिक चांगले. आणि त्यांतले एक घर असे असावे, जेथे त्या वर्षी कुणी गेले आहे. तेथे आधी विचारावे, मग मांडावे.

तीन राजांच्या सणानंतर आम्ही चुंबळ पुढील वर्षासाठी कपाटात ठेवू लागलो, तेव्हा बाईंनी ती मागून घेतली. “कपाटात कुबट होते,” म्हणाल्या. मध्यंतरी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचे मडके होते आणि मडक्याखाली वांगी रंगाच्या लुगड्याची ती चुंबळ. एका जागी गुलाबी पट्टी दिसत होती. आम्ही तिकडे पाहतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले.

“आनीन नं डिसेंबरात,” त्या म्हणाल्या आणि त्याच मडक्यातून आम्हांला पाणी दिले.